काकू समुद्र आणायला गेल्यात

डोळे मिटा आणि एक चित्र बघा. डोळे मिटले तर वाचणार कसं, असं म्हणत असाल तर उघडे ठेवा, पण बघा मात्र मी सांगते तेच.

सूर्य उगवायच्या बेतात आहे. समोर आखाताचा समुद्र, पण लाट म्हणून नाही. परातीत ओतून ठेवल्यासारखा नुसता पडून आहे. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही, कारण दोघांचाही रंग पाणी घातलेल्या दुधासारखा. आणि त्या पांढुरक्या पसाऱ्यात, गुडघाभर पाण्यात, काळा अबाया वर खोचून एक ठेंगणी, रुंद बाई उभी आहे. हातात प्लास्टिकचा कॅन. ती वाकते, कॅन बुडवते, पाणी आत शिरतानाचा आवाज कान देऊन ऐकते, नापसंतीने मान हलवते आणि सगळं पाणी ओतून देते. चार पावलं पुढे जाते, पुन्हा बुडवते. बाजारात कलिंगड वाजवून घेतात ना, तसं तिचं समुद्राशी चाललेलं आहे.

किनाऱ्यावर एक पांढरी गाडी. तिच्या बॉनेटला टेकून एक उंच, सडपातळ गृहस्थ अरबी वर्तमानपत्र वाचताहेत. त्यांना अरबी वाचता येत नाही. पहाऱ्यावरच्या माणसाच्या हातात काहीतरी असलेलं बरं दिसतं, म्हणून ते आहे.

ही बाई म्हणजे सौदीतल्या अल-खोबरमधल्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू आणि ते गृहस्थ म्हणजे काका. बिल्डिंगमध्ये कुणी काकूंची चौकशी केली आणि त्या घरी नसल्या, तर आमचा बांगलादेशी वॉचमन अगदी सहज सांगायचा, "मॅडम समुंदर लाने गया." नवीन माणूस दचकायचा. आम्ही दचकत नसू. कुणी भाजी आणायला जातं, कुणी गॅस सिलिंडर. आमच्या काकू समुद्र आणायला जात.

काकांची नोकरी समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात होती. खोबरच्या नळाला येतं ते पाणी समुद्राचंच, मीठ काढून घेतलेलं. त्यामुळे या जोडप्याचा संसार काकूंच्याच शब्दांत सांगायचा तर असा: "हे दिवसभर पाण्यातला समुद्र काढतात आणि मी संध्याकाळी तो परत घालते." काका यावर हसत नसत. ते कशावरच हसत नसत, पण अशा वेळी चष्मा काढून पुसत, आणि आम्ही ते हसू धरायचो.

मी खोबरला आले तेव्हा दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. कडेवर पावणेदोन वर्षांची लेक, आणि मनात मॉल, समुद्रकाठचा कॉर्निश रस्ता, एसी वगैरे. ते सगळं होतंच. फक्त नवरा सकाळी अंधारात कंपनीच्या बसने जायचा तो संध्याकाळी यायचा, मला गाडी चालवायची सोय नव्हती, आणि मधल्या वेळात बोलायला घरात एकच व्यक्ती होती, जी बोलत नव्हती आणि खातही नव्हती. लेकीला दूध सोसत नव्हतं. दूध, दही, तूप, काहीही पोटात गेलं की अंगावर गांधी उठायच्या आणि उलटी व्हायची. दुधाशिवायचं जे काही मी रांधायची ते ती माझ्याकडे बघत, डोळ्याला डोळा देऊन, शांतपणे थुंकायची. केळं आणि भाताची पेज, एवढ्यावर ती जगत होती. दवाखान्यातले सीरियन डॉक्टर वजनकाट्याकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि मला त्या दोन्ही नजरांची सारखीच भीती वाटायची.

कराडहून सासूबाईंचा फोन यायचा. पोरीला तिकडचं पाणी मानवत नाही, घेऊन या, इथे बघू आम्ही. नवरा आधी हो-नाही करत होता, मग नुसतं हो म्हणायला लागला. शेवटी ठरलं: ईदच्या सुट्टीत त्याने आम्हा दोघींना कराडला पोचवायचं आणि एकट्याने परत यायचं. किती दिवसांसाठी, ते कुणीच बोललं नाही. तिकिटं काढून झाली आणि फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवली. मी फ्रिज उघडायचं टाळायला लागले.

अशा दिवसांत काकू माझ्या दारात आल्या. हातात डबा. नमस्कार नाही, नाव-गाव नाही.

"तुझी पोरगी रोज दुपारी एकाच सुरात रडते," त्या म्हणाल्या. "भूक आहे की राग?"

मी म्हटलं, दोन्ही असावं. आणि मग, जे मी कुणापुढे केलं नव्हतं ते केलं, दारातच रडले. काकूंनी मला रडू दिलं. त्या वेळात त्यांनी चपला काढल्या, त्या उलट्या फिरवून नाकं दाराकडे करून नीट जोडून ठेवल्या, स्वयंपाकघरात गेल्या, ओट्यावरचे सगळे डबे उघडून पाहिले. मी डॉक्टर काय म्हणाले ते सांगत होते. त्यात डॉक्टरांनी थोडं थोडं सोया देऊन पाहायला सांगितलंय हे आलं, आणि काकू डब्यात डोकं असतानाच थांबल्या. मग हळूच वळल्या. इतकी वर्षं झाली, पण त्यांचा तो चेहरा मला आजही नकलेत जमत नाही. वर्षानुवर्षं विंगेत उभं राहिलेल्या नटाला कुणीतरी एकदाचं नाव घेऊन रंगमंचावर बोलवावं, तसा.

आता हे का, ते सांगायला मला जपानात जावं लागेल. चला.

काकू मूळच्या पेणकडच्या. वडिलांचं मिठागर होतं. घरात सकाळ-संध्याकाळ मासळी, सणवार सोडला तर. लग्न झालं, आणि काही वर्षांनी काकांच्या कंपनीने त्यांना प्रशिक्षणासाठी जपानमधल्या एका लहानशा बंदराच्या गावी पाठवलं. आता बघा गंमत. मासे खाणारी बाई, माशांच्या देशात, माशांच्या गावात जाऊन राहिली, आणि परत आली ती शाकाहारी होऊन.

असं का झालं, हा प्रश्न त्यांना प्रत्येकजण विचारायचा आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळायचं. एकीला त्यांनी सांगितलं, तिथले मासे ओळखीचे नव्हते, अनोळखी माणसाला कसं खाणार? दुसरीला सांगितलं, कोळणीशी भांडल्याशिवाय मासा माझ्या घशाखाली उतरत नाही आणि तिथे भांडायला भाषा नव्हती. मला पहिल्यांदा सांगितलं ते असं, की तिथे सगळ्यातच मासा असतो, आमटीच्या पाण्यातसुद्धा, म्हणून जिद्दीने बिनमाशाचं रांधून दाखवलं. ते मात्र खरं होतं. समुद्री शेवाळाच्या वाळक्या पट्ट्या आणि सुकवलेली अळंबी भिजत घालून त्या जे पाणी काढायच्या, त्याला अशी काही खोल चव असायची की मी एकदा त्यात चुकून फोडणी घालायचं सुचवलं आणि दोन दिवस माझ्याशी अबोला झाला.

पण त्यांचा खरा देव म्हणजे सोयाबीन. त्याच्या त्यांच्या घरी नाना लीला चालत. भाजून केलेलं पीठ, ते किनाको, म्हणजे आपल्या डाळ्याच्या पिठाचा चुलतभाऊ. आंबवून केलेला मिसो, तो काकांच्या वरणात, आच बंद केल्यावर. भारतातून कुणी येणार असलं की लोक लोणची मागवत, चकलीची भाजणी मागवत. काकू सोयाबीन मागवत. आमच्या ओळखीत लातूरकडचा एक मुलगा होता, तो पिशवी देताना दर वेळी म्हणायचा, "काकू, आमच्याकडं हे तेलाला आन् पेंडीला जातं हो." काकू म्हणायच्या, "म्हणून तुमच्याकडची गुरं हुशार."

भिजत घातलेल्या दाण्यांना त्या 'मंडळी' म्हणत. "मंडळी फुगली का बघते," म्हणून भर गप्पांतून उठून जात. सोयाबीनच्या दुधाचा टोफू कापायचा तो तळहातावर ठेवून. सुरी वरून दाबायची, ओढायची नाही, नाहीतर हात कापतो. बिल्डिंगमधली मुलं हा खेळ बघायला ओट्याभोवती श्वास धरून उभी असत. सोयाबीनचं दूध गाळून उरलेला चोथा टाकणं हे त्यांच्या लेखी पाप होतं, म्हणून त्याची थालीपिठं होत आणि वॉचमनपासून सगळ्यांच्या घरी जात. मी तुम्हाला सांगते, त्या चार मजल्यांवर केरळी, पंजाबी, हैदराबादी, पाकिस्तानी अशी सगळी बिऱ्हाडं होती, आणि थालीपीठ हा जपानी पदार्थ आहे असं त्यांतल्या निम्म्या लोकांना आजही वाटत असणार.

आता तो प्रसंग सांगायलाच हवा, जिथे काकूंनी अख्खी बिल्डिंग रस्त्यावर आणली.

तिसऱ्या मजल्यावर एक केरळी इंजिनिअर राहायचे. रोज अबकैकच्या तेलाच्या प्लांटवर जायचे, सुरक्षा विभागात. आमच्याकडे बहुतेक पुरुष अशाच कुठल्या ना कुठल्या कारखान्यातले. वायुगळती झाली तर काय करायचं ते या सगळ्यांच्या अंगात इतकं मुरलेलं, की देवाला हात जोडायचे विसरतील पण वाऱ्याची दिशा बघायचे विसरणार नाहीत. एका सुट्टीच्या दिवशी, दुपारच्या झोपेच्या वेळेला, जिन्यात वास आला. तिखट, नाकात चढणारा. केरळी इंजिनिअरनी दार उघडलं, एकदा हुंगलं आणि ओरडले, "अमोनिया!"

मग काय विचारता. दारं धडाधड उघडली. ओले रुमाल नाकाला. लिफ्ट नको, जिना, जिना. बायका इकामा, म्हणजे राहण्याचे परवाने, आणि पासपोर्टच्या पिशव्या छातीशी धरून, पुरुष मुलांना खांद्यावर टाकून खाली. कुणीतरी चिमूटभर वाळू वर उडवून वारा बघितला आणि आम्ही सगळे, अगदी पाठ केल्यासारखे, वाऱ्याला आडवे चालत समोरच्या मोकळ्या पार्किंगमध्ये जाऊन उभे राहिलो. माथ्यावर ऊन असं, की डांबर मऊ झालेलं. हजेरी घेतली गेली. काकूही होत्या, पर्स घेऊन, गंभीर चेहऱ्याने, हैदराबादी आजींना धीर देत.

केरळी इंजिनिअर एकटे, शूरासारखे, वास हुंगत गच्चीपर्यंत गेले. एसीच्या गरम हवा फेकणाऱ्या यंत्रामागे त्यांना घोंगडीत गुंडाळलेला डबा सापडला. तो त्यांनी हात लांब करून खाली आणला आणि सगळ्यांच्या मधोमध ठेवला. काकूंनी वाकून पाहिलं.

"हे होय?" त्या म्हणाल्या. "हा माझा उद्याचा नाश्ता."

तो नत्तो होता. उकडलेले सोयाबीन उबेत आंबवतात, त्याला तारा सुटतात, जपानी लोक सकाळी भातावर घेतात. खोबरच्या गच्चीवर ऊब जरा जास्त झाली होती, इतकंच. त्यानंतर बिल्डिंगचा एक अलिखित करार झाला: नत्तो फक्त वारा समुद्राकडे वाहत असेल त्या दिवशी. आणि दिशा केरळी इंजिनिअर सांगतील. ते सांगायचेही, रोज सकाळी, जिन्यातून वर तोंड करून.

तर, पुन्हा माझ्या स्वयंपाकघरात या. फ्रिजवर तिकिटं आहेत, लेक जमिनीवर बसली आहे आणि काकूंनी तिच्यासमोर पहिला टोफू ठेवला आहे. लेकीने त्याला हातात घेतलं, तोंडात घातलं, काकूंच्या डोळ्यांत बघितलं, आणि थुंकली.

मला वाटलं आता संपलं. काकूंनी तो थुंकलेला तुकडा उचलून निरखला. "बयोचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हा उभा राहिलाय, पण जिवंत नाही. दूध धरायला जपानहून आणलेली पुडी संपल्यापासून मी फार्मसीतलं मीठ घालते. ते पोट साफ करायचं मीठ. मलाही आवडत नाही, पण मला थुंकायची हिंमत झाली नाही."

दुसऱ्या खेपेला लिंबू पिळून झालं, तिसऱ्याला व्हिनेगर. बयो थुंकत राहिली. आणि एका संध्याकाळी काकू खिडकीपाशी गेल्या, आणि तिथूनच बोलायला लागल्या. लहानपणी त्यांच्या घरी नवं मीठ आलं की आई ते बांबूच्या टोपलीत भरून खाली मडकं ठेवायची. ओलं मीठ कितीतरी दिवस ठिबकत राहायचं. ते कडूजहर पाणी आई उकिरड्यावर ओतायची. जपानातल्या त्या गावी एक म्हातारी टोफूवाली होती, तिच्या दुकानात कोपऱ्यात तसंच मडकं होतं. तीच टोपली, तेच ठिबकणं. म्हातारी त्यातलं पळीभर पाणी गरम सोयाबीनच्या दुधात सोडायची आणि दूध थांबायचं. "म्हणजे बघ," काकू म्हणाल्या, "आम्ही जन्मभर जे उकिरड्यावर ओतलं, त्याच्यावर तिचं दुकान चाललं होतं."

मग त्या वळल्या आणि काकांना म्हणाल्या, "अहो, उद्या समुद्रावर जायचं."

काकांनी चष्मा पुसला.

पहिल्या खेपेला मीही होते, लेकीला घेऊन गाडीत. सुरुवातीला दाखवलं ते चित्र त्या पहाटेचं. काकू हाफ मूनच्या किनाऱ्यावर पाण्यात, आणि तेवढ्यात गस्तीचा एक तरुण शिपाई आला. त्याने काकांना काही विचारलं नाही. वर्तमानपत्र उलटं होतं, ते बघून काय ते समजला असावा. तो पाण्याच्या कडेला गेला.

"एश हादा?" हे काय आहे, म्हणून त्याने विचारलं.

"बहर," काकू म्हणाल्या. समुद्र.

ते त्यालाही दिसत होतं. कशाला हवा, असं त्याने विचारलं. काकूंचं अरबी भाजीबाजारापुरतं. त्यांनी गाडीकडे बोट दाखवलं, काचेतून दिसणारी माझी लेक दाखवली, हात आडवा धरून ती किती रोड आहे ते दाखवलं, कॅन दाखवला आणि मग हाताची बोटं तोंडाशी नेली. मग त्याने बूट काढले, विजार दुमडली, पाण्यात उतरला आणि भरलेले दोन्ही कॅन उचलून गाडीशी आणून ठेवले. जाताना लेकीच्या काचेवर टिचकी मारली. त्याला काय कळलं, मला माहीत नाही. घरी जाऊन त्याने काय सांगितलं असेल, याचा मी कधीकधी विचार करते.

गच्चीवर डिशच्या छत्र्यांमध्ये पराती मांडल्या गेल्या. पाणी आटत आलं, कडेला मिठाची साय धरली, आणि त्याच दुपारी वाळूचं वादळ उठलं. दिवस पिवळा झाला, खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबून आम्ही बसून राहिलो. ओसरल्यावर वर गेलो तर परातींत चिखल. काकू कंबरेवर हात ठेवून उभ्या. "अख्खं रियाध येऊन बसलं माझ्या समुद्रात," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या.

ईद जवळ आली होती. सुटकेस पलंगाखालून बाहेर निघाली होती.

मग ती सकाळ. काकूंनी मला फटफटायच्या आत वर बोलावलं. मंडळी फुगून, वाटून, उकळून, गाळून झाली होती. खिडक्यांवर वाफ. कापडात टांगलेल्या ओल्या मिठाखाली काचेची वाटी, तिच्यात तळाला चहाच्या रंगाचं थोडंसं पाणी. दोन कॅन समुद्राचं एवढंच झालं होतं. काकूंनी ते जिभेला लावलं आणि तोंड इतकं वाकडं केलं की मी समजले, जमलंय. दूध ढवळत त्यांनी ते पाणी पळीवरून सोडलं, एकदाच उलटी पळी फिरवली आणि झाकण ठेवलं.

झाकण ठेवल्यावर बोलायचं नाही, हा त्यांचा नियम होता. टोफू लागेपर्यंत घरात अक्षर नाही. काकासुद्धा तेवढा वेळ पान उलटत नसत. बाहेर उजाडत होतं, लांबून अजान येत होती, लेक माझ्या मांडीवर पेंगत होती, आणि त्या वाफेत ओल्या शेंगांसारखा गोड वास भरून राहिला होता. मला वाटत होतं की आपण खोबरमध्ये नाही, कराडमध्येही नाही, कुठल्यातरी पाण्याच्या तळाशी तिघी बसलो आहोत.

आणि काकू बोलल्या. स्वतःचाच नियम मोडून, झाकणाकडे बघत.

"मासे का सोडले, विचारतेस ना. हे कामावर गेले की त्या गावात माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं. माझा आवाज कसा आहे, तेच मी विसरले होते. मासळीबाजारात सगळे बोलायचे, ओरडायचे, हसायचे, आणि मी मधे उभी. तिथे जाववेना. टोफूच्या दुकानात मात्र म्हातारीही बोलायची नाही. झाकण असायचं ना. मी रोज त्याच वेळेला जायची. दोघी गप्प उभ्या राहायचो. तिथे गप्प राहणं हे काम होतं."



"तू गेलीस," त्या म्हणाल्या, "तर पुन्हा तेच."

मग त्यांनी झाकण उचललं.

वाटीत काढलेला टोफू त्यांनी लेकीसमोर जमिनीवर ठेवला. वर गुळाचं पाणी, चिमूटभर किनाको. भरवला नाही, तिच्याकडे बघितलंही नाही. नुसतं नखाने वाटीच्या काठावर टिचकी मारली. टोफू थरथरला. असा, की श्वास घेतोय. लेकीने वाटीकडे बघितलं. काकूंनी पुन्हा टिचकी मारली. लेकीने बोट लावलं, आणि हसली.

"हलतंय," ती म्हणाली.

तोवर ती 'आई', 'नको' आणि 'गाडी' एवढंच बोलायची. काकूंनी पुन्हा हलवलं. मग पळून जाईल की काय, अशा घाईने लेकीने वाकून वाटीलाच तोंड लावलं. मी तोंडावर हात दाबून बसले होते. ती आता बघेल माझ्याकडे, आता थुंकेल. तिने बघितलं माझ्याकडे. आणि वाटी पुढे केली.

दिवसभर मी तिचं अंग तपासत राहिले. गांध उठली नाही, उलटी झाली नाही. दुसऱ्या दिवशी जरा जास्त, मग आणखी. ईदच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांच्या काट्याने मला पहिल्यांदा मान वर करू दिली. नवऱ्याने तिकिटं फ्रिजवरून काढली आणि घडी करून खिशात घातली. परत करायला जाताना तो काकूंच्या दारापाशी थांबला, काहीतरी बोलायचं होतं त्याला, पण आतून काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. झाकण होतं.

सासूबाईंना फोन केला. काय खाते म्हणाल्या, मी म्हटलं सोयाबीन. मग, "ते ढोरांना घालतात ना गं?" मी म्हटलं, "हो. म्हणून तर अंग धरलंय."

या यशाने काकूंना उधाण आलं आणि त्यांनी एका शुक्रवारी सकाळी बिल्डिंगमधल्या प्रत्येक भारतीय घरी एकेक थरथरता टोफू पोचवला. ताजा आहे, असाच खा, वर थोडं आलं आणि सोया सॉस, बास. संध्याकाळी रिकामं भांडं परत करायचं नाही, या आपल्या रीतीप्रमाणे सगळ्या घरांतून थाळ्या वर आल्या. पालक टोफू. मटार टोफू. टोफू भुर्जी. पंजाबी वहिनींनी तर कुकरमध्ये पाणी भरून तो टोफूवर ठेवला होता, पाणी निथळून घट्ट होईपर्यंत, आणि मग टिक्का केला होता. न बोलता, न ठरवता, सगळ्या बायकांनी एकाच दुपारी त्याचं पनीर केलं होतं. काकू टेबलापाशी बसून थाळ्यांकडे बघत राहिल्या. काकांनी भुर्जी चाखली, आणि आयुष्यात एकदाच, आवाज करून हसले. काकूंनी आधी त्यांच्याकडे, मग भुर्जीकडे बघितलं, आणि पोळी मागितली.

काही वर्षांनी काका निवृत्त झाले. फायनल एक्झिट, म्हणजे इकामा परत द्यायचा आणि कायमचं निघायचं. दम्मामच्या विमानतळावर काकूंच्या सामानात समुद्र नव्हता. "तिकडे आहे माझा," म्हणाल्या. आणि जपानात लागलेल्या सवयीने चपला काढून, फिरवून, पुन्हा घातल्या.

आता आम्ही पुण्यात असतो. लेक कॉलेजात आहे, माझ्यापेक्षा उंच, आणि भलतीच दणकट. मध्यंतरी तिने मॉलमधून टोफूचं पाकीट आणलं, ताटलीत काढलं आणि त्याला बोट लावून बघितलं.

"आई, हे हलत नाही गं."

खोबरच्या त्या वाटीचं तिला काहीच आठवत नाही. बोटाला आठवत असावं.

त्या रविवारी आम्ही अलिबागच्या पुढे गेलो. मी सलवार वर खोचून पाण्यात उतरले, कॅन बुडवला आणि कान दिला. आवाज काय सांगतो, ते मला कळत नाही, पण मी मान हलवून ओतून दिलं. तसंच करायचं असतं. घोडागाडीवाल्याने विचारलं, ताई काय करताय. म्हटलं, समुद्र नेतेय. लेक गाडीला टेकून, चेहरा लपवून, मोबाइल बघत होती. बंद मोबाइल.

पाणी आटवून, मीठ टांगून झाल्यावर मी पेणला फोन लावला. काका आता नाहीत. काकूंचं वय झालंय, पण आवाज शाबूत आहे. मासे खायला लागलात का, मी दर वेळी विचारते. "कुठलं," त्या म्हणाल्या, "आता कोळीण भांडतच नाही. एक भाव सांगते आणि मोबाइलमध्ये बघत बसते." मग एकदम, "पाणी सोडलंस?"

"सोडलं. झाकण ठेवतेय."

आणि त्या गप्प झाल्या.

मी फोन स्पीकरवर करून ओट्यावर ठेवला. लेकीने काही विचारायला तोंड उघडलं, मी ओठांवर बोट ठेवलं. खिडकीवर वाफ धरत होती. फोनमधून पेणच्या घरातल्या पंख्याची घरघर येत होती, मधूनच काकूंचा श्वास. कुणीही फोन ठेवला नाही. कुणीही बोललं नाही. किती वेळ ते झाकणाला माहीत.

मग लेकीने झाकण उचललं, वाटीच्या काठावर टिचकी मारली, आणि फोनजवळ तोंड नेऊन अगदी हळू म्हणाली,

"काकूआजी, हलतंय."